ॲपमावशींचा डबा

ॲपमावशी आधी माणसाच्या हाताकडे बघायच्या, मग तोंडाकडे. हातात फोन दिसला की "बघू" म्हणून तो काढून घ्यायच्या आणि आपलं ॲप त्यात घालूनच परत द्यायच्या. विचारायची पद्धत नव्हती. एकदा आमच्या कोलकात्याच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणाच्या तरी जावयाचा नवा फोन त्यांनी असाच घेतला. तो बिचारा म्हणाला, मावशी, त्यात जागा उरलेली नाही. तर ह्या तिथंच खुर्चीत बसून त्याचे फोटो पुसायला लागल्या. "एकाच केकचे इतके फोटो कशाला लागतात रे तुला?" असं वर त्यालाच विचारलं. जावई सासऱ्यांकडे बघायला लागला आणि सासरे आरतीच्या तबकाकडे.

ते ॲप कशाचं आहे हे कळल्यावर तर माणसं त्यांना लांबून बघून फोन खिशात टाकायची. एचआयव्ही कशानं होतो, कशानं होत नाही, तो होऊ नये म्हणून तरुण मुलांनी काय करावं, तपासणी कुठं करून घ्यावी, हे सगळं त्यात होतं. आधी ऐकायचं आणि मग प्रश्नांची उत्तरं द्यायची. उत्तर चुकलं की फोन हातात गुरगुरायचा. पण तेवढ्यावर मावशींचं भागत नव्हतं. प्रसादाच्या रांगेत उभ्या राहून त्या मुलांना मोठ्यानं विचारायच्या, "डास चावून होतो का? आधी सांग, मोदक नंतर." पुढे बायका, मागे म्हातारी माणसं. पोरं मोदक न घेताच निघून जायची. मग मावशी माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बघितलंस? कुणाला शिकायचंच नाही."

त्या कोलकात्यातच जन्मलेल्या. आजोबांच्या वेळेपासून घर इथलंच. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि सॉल्ट लेकला एकट्या राहत होत्या. त्यांचं मराठी छापल्यासारखं, पण राग आला की तोंडातून बंगाली "धुर" निघायचं. पाऊस पडला तरी धुर, ऑटोवाला थांबला नाही तरी धुर, आणि मी नाही म्हणाले तरी धुर. ॲप त्यांच्या भाच्यानं बनवून दिलं होतं. तो न्यू टाउनच्या कंपनीत होता. मावशी रोज फोन करून त्याला नवीन काहीतरी सांगायच्या, म्हणून तो दिवसा फोनच उचलायचा नाही, असं त्यानंच मला पुढे सांगितलं.

आम्ही गलाईवाले. सराफांचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचा आमचा धंदा. आमच्या सांगलीकडच्या गावांतून मुलं मिसरूड फुटायच्या आत इकडे येतात, बडाबाजारातल्या दुकानांच्या माळ्यावर झोपतात आणि वर्षातून एकदा जत्रेला गावी जातात. लग्नाचंही तसंच. घरच्यांनी मुलगी बघून ठेवलेली असते. मुलगा जातो, हळद लावून घेतो आणि परत येतो. मधल्या वर्षांत तो इथं काय करतो, कुठं जातो, हे त्याला कुणी विचारत नाही. मावशींना हीच मुलं हवी होती. त्यांच्यासाठी म्हणून त्यांनी ॲपमध्ये मराठी घातलं आणि स्वतःच्या आवाजात धडे भरले. "हा विषाणू मानवी शरीराच्या रोगप्रतिकारक्षमतेचा ऱ्हास घडवून आणतो", असं सगळं. आमच्या दुकानात माझा धाकटा दीर महेश होता. तो म्हणायचा, मावशींचा धडा लावला की अंथरूण घालायच्या आत झोप येते.

मंडळात गेले की मी स्वयंपाकघरातच असते. तिथं बोलावं लागत नाही. मावशींनी मला तिथं गाठलं. माझ्या हाताला पीठ लागलेलं, म्हणून फोन त्यांनीच माझ्या कानाला लावून धरला आणि धडा ऐकवला. मग विचारलं, काय कळलं? मी म्हणाले, काही नाही कळलं, मी चौथी शिकलेली आहे. दुसरं कुणी असतं तर वाईट वाटून गप्प बसलं असतं. ह्यांचा चेहरा फुलला. "मग तूच पाहिजेस मला," म्हणाल्या. मला कळेल तोवर त्या सांगणार, आणि मला कळलेलं मी माझ्या शब्दांत फोनमध्ये बोलायचं. मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "धुर. मंगळवारी येते. डमडम स्टेशनवरून कोणता ऑटो?"

मी दार उघडलं नसतं तरी चाललं असतं. पण उघडलं, त्याला कारण होतं. माझी थोरली बहीण इंदू. तिचा नवरा असाच लांबच्या दुकानात होता. तो आजारी होऊन घरी आला आणि गेला, आणि मग तिची तपासणी झाली. ज्या घरात तिनं वर्षानुवर्षं भाकऱ्या थापल्या, त्या घरात तिचं ताट वेगळं झालं. आज ती गोळ्या घेते, रानात जाते, धडधाकट आहे. पण तिला लग्नाआधी कुणी काही सांगितलं नव्हतं आणि तिच्या नवऱ्याला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि आता जत्रेनंतर महेशचं लग्न ठरलं होतं. मुलगी लहानखुरी, हसरी, मी फोटो बघितला होता. महेशनं लग्नाआधी एकदा तपासून घ्यावं, एवढंच मला त्याला सांगायचं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दुसरीत होता. त्याचं नाक पुसलेलं आहे मी. तरी हे तोंडातून निघत नव्हतं. आमच्या ह्यांना म्हणाले, तुम्ही सांगा. ते म्हणाले, मी कसं सांगणार, मी थोरला भाऊ आहे.

मंगळवारी मावशी आल्या. स्वयंपाकघरात पाटावर बसल्या, फोन कट्ट्यावर डब्याला टेकवून ठेवला आणि म्हणाल्या, बोल. "कंडोम" हा शब्द मी जन्मात उच्चारला नव्हता. मावशींनी शाळेतल्यासारखा तो फोडून म्हणून दाखवला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मला रडू यायला लागलं. तेव्हा त्या उठल्या, पाट फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून माझ्याकडे पाठ करून बसल्या. "आता मी नाहीच इथं. भिंतीला सांग," म्हणाल्या. त्यांच्या पाठीवर ब्लाउजचं एक बटण निसटलेलं होतं. त्या बटणाकडे बघत मी पहिला धडा बोलले.

बोलले म्हणजे काय, विमानांनी बोलू दिलं तेवढं. आमचं घर विमानतळाजवळ. इतर वेळी विमानाचा आवाज मला ऐकूही येत नाही. पण त्या दिवसांत मी तो शब्द तोंडात आणला की डोक्यावरून विमान जायचं. मग मावशी भिंतीकडे बघतच हात वर करायच्या, म्हणजे पुन्हा. जो शब्द एकदा म्हणताना जीव जात होता, तो दुपारभर म्हणायला लावला त्यांनी. शेवटी शेवटी मी इतकी वैतागले की ओरडूनच म्हणाले. शेजारच्या बंगाली वहिनी, आमच्या बोउदी, खिडकीतून विचारायला लागल्या, काय झालं. मावशींनी त्यांना बंगालीत सगळं समजावून सांगितलं आणि त्यांचाही फोन मागून घेतला.

एका जागी मात्र विमानाचा आवाज धड्यात तसाच राहिला. तपासणीच्या धड्यात मी म्हणते, "सरकारी दवाखान्यात जायचं, पैसे पडत नाहीत, नाव कुणाला सांगत नाहीत," आणि मग विमान येतं, मी थांबते, आणि विमान गेल्यावर म्हणते, "घाबरायचं नाही." मावशी म्हणाल्या, हे असू दे. मी म्हणाले, बाकी सगळ्या दुपारी मला छळलंत ते कशासाठी? त्यावर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

पुढचा घोळ डब्याचा. मुलांच्या फोनवर कुणाची नजर गेली तर त्यांना लाज वाटू नये, म्हणून मावशींनी ॲपचं नाव ठेवलं 'परगावचा डबा'. चित्रही जेवणाच्या डब्याचं. उघडलं की वर खरोखरच स्वयंपाकाच्या कृती, माझ्याच आवाजात सांगितलेल्या. शेंगदाण्याची आमटी, खर्डा, हुलग्याचं माडगं. त्याखाली डब्याचं झाकण, आणि झाकणावर बोट ठेवलं की आतले धडे. मुलांना हे सांगून ठेवलेलं. बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी माझ्या, म्हणजे शालनच्या, हातची आमटी फोनवर मिळते म्हटल्यावर भराभर डबा घेतला. इथल्या मुलांना मराठी वाचता येत नाही, ऐकून तरी करतील, म्हणून सुनांना, लेकींना पाठवला, गावाकडे पाठवला.

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी आमटी करताना फोन ओट्यावर ठेवला होता. फोडणीच्या घाईत झाकणावर बोट पडलं. मागे टेबलाशी त्यांचे सासरे जेवणाची वाट बघत बसलेले. त्यांनी माझ्या आवाजात पाकीट कुठून फाडायचं इथपासून शेवटपर्यंत ऐकलं, कारण बाईंना ते बंद कसं करायचं हे सापडेना. सासरे एवढंच म्हणाले, आमटी करपतेय.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळाला कळलं. कुणी हसलं, कुणी माझ्याशी बोलायचं बंद केलं. एक बाई म्हणाल्या, दिसते गरीब, पण आत बघा काय काय आहे. मी आठवडाभर दाराबाहेर पडले नाही. मावशी आल्या त्या हसतच आल्या. किती घरांत झाकण उघडलं गेलं ते भाच्यानं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांना पेढे वाटायचे बाकी राहिले होते. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर आवाज चढवला. म्हणाले, माझा आवाज काढून टाका त्यातून. तुम्हाला काय, तुम्ही एकट्या, मला माणसांत राहायचंय.

त्यांचं हसू गेलं. खूप वेळ त्यांनी पर्सच्या चापाची उघडझाप केली. मग म्हणाल्या, "काढते. आजच सांगते भाच्याला. पण मग महेशला तू तोंडानं सांगशील का?"

मी चहाचं आधण ठेवायला उठले. त्या तो न घेताच गेल्या. जाताना शेजारच्या बोउदींना एक प्रश्न विचारून गेल्या, तो भाग वेगळा.

त्याच संध्याकाळी गावाहून सासूबाईंचा फोन आला. त्यांचा फोन आला की मी उभी राहते, अजूनही. त्या म्हणाल्या, "शालन, तुजी आमटी बघत हुते. गूळ सांगितला न्हाईस."

मी म्हणाले, राहिला असेल.

"मग ते झाकाण उघाडलं," त्या म्हणाल्या. मी भिंतीला टेकले. बराच वेळ तिकडून नुसता कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "समदं ऐकलं मी. दोनदा ऐकलं. इंदीचं ताट येगळं केलं तवा मी बी तुज्या आईला बरोबरच हाय म्हणलं हुतं. ताटानं हुईत न्हाई म्हणं." मग कोंबड्यांना हुसकलं त्यांनी. "म्हेशाला ऐकीव. लगीन तोंडावर आलंय. दुसऱ्याची लेक आणायचीय आपल्याला."

मी मावशींना फोन करून सांगितलं, आवाज राहू दे. त्यांनी भाच्याला अजून कळवलंच नव्हतं. कळवणारही नव्हत्या, असं मला वाटतं.

महेश दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. त्या रविवारी जेवण झाल्यावर मी फोन त्याच्यापुढे ठेवला आणि डबा उघडला. तो हसला. म्हणाला, "वहिनी, हे आम्हाला पाठ आहे. दुकानात रोज लागतं. विमान येतं तिथं सगळे हातातलं काम सोडून थांबतात, आणि 'घाबरायचं नाही' सगळे मिळून म्हणतात." मी म्हणाले, मग तपासून आलास का? तो नखानं पाटाची कड खरवडत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही फोनमधनं सगळ्यांना सांगताय. मला कुठं सांगितलंत?"

मी म्हणाले, महेश, तिकडे तोंड कर. तो भिंतीकडे फिरून बसला. त्याच्या पाठीकडे बघत मी सांगितलं. काय सांगितलं ते फोनमध्ये होतं तेच, शब्दही बहुतेक तेच, फक्त मधे मधे त्याचं नाव घेतलं आणि त्या मुलीचं घेतलं. त्याच आठवड्यात एक दिवस दुकानातून सुट्टी घेऊन तो सरकारी दवाखान्यात गेला आणि तिथून सरळ माझ्याकडे आला. दारातच म्हणाला, काही निघालं नाही, पण नवीन लागण लगेच दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणालेत. मी लग्नाची तारीख मोजली. तोच म्हणाला, मी आईला सांगितलंय तारीख पुढे ढकलायला. कारण काय सांगितलंस, मी विचारलं. तर म्हणाला, खरं तेच. तारीख ढकलली. दुसऱ्या वेळीही काही निघालं नाही, आणि मग हळद लागली.

हे मी मावशींना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, आता तरी शाबासकी देतील. त्या सगळ्यात आधी म्हणाल्या, "धुर. म्हणजे रोज ऐकूनसुद्धा गेला नाही? मग ॲप करून काय उपयोग झाला?" दोन दिवस फोनच नाही. तिसऱ्या दिवशी हजर. ॲपनं प्रत्येक मुलाला नावानं हाक मारली पाहिजे, तर मी आता सगळी नावं बोलून द्यायची. महेश, सुरेश, नितीन, गावात असतील नसतील तेवढी. मी कपाळाला हात लावला. चार दुपारी त्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि मी बारशाला बसल्यासारखी नावं घेत राहिले. विमानं होतीच. भाच्याला काही ते जमवता आलं नाही. फोनमध्ये नाव "नितीन" यायचं आणि हाक "सुरेश" मारली जायची. तेवढ्यात थंडी पडली आणि मावशींना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात त्यांना भेटायला गेले तर नर्सचा फोन त्यांच्या हातात होता. मी म्हणाले, मावशी, आता तरी पडून राहा. त्या म्हणाल्या, "तू बोलत राहा म्हणजे झालं." मला वाटलं, नावांचं म्हणताहेत.

त्या त्यातून उठल्या नाहीत.

सॉल्ट लेकच्या घरी सगळे जमले होते. मंडळातली माणसं होती, शाळेतल्या बाई होत्या, दुकानातली मुलं दाराशी उभी होती. अध्यक्षबाई मावशींबद्दल चार शब्द बोलत होत्या. खोली अगदी शांत. तेवढ्यात डब्यातून रोज ठरल्या वेळी आपोआप वाजणारा 'आजचा प्रश्न' यायची वेळ झाली. आधी एका खिशातून डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या, मग पर्समधून, मग सगळीकडून. आणि माझाच आवाज, मागेपुढे, सगळ्या खोलीभर: "आजचा प्रश्न. एका ताटात जेवल्यानं होतो का?" मला वाटलं, जमीन फाटावी. कुणी तरी पटकन बंद करेल म्हणून मी बघितलं. सगळे फोन काढत होते खरे, पण बंद कुणीच करत नव्हतं. अध्यक्षबाईंचे सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. ते खणखणीत म्हणाले, "नाही." मेल्यावरही ह्या बाईनं मला चारचौघांत बोलायला लावलं.

आता तो डबा कुणाच्याच फोनवर उघडत नाही. भाचा परदेशी गेला, फोन बदलले, चित्रावर बोट ठेवलं की नुसतं गोल फिरत राहतं. मला वाटलं, सुटले. पण तसं झालं नाही. रविवारी दारावर थाप पडते. कुणी गावाहून आलेले शेंगदाणे आणलेले असतात, कुणी काकवी. शेंगदाणे देऊन झाले तरी मुलगा जात नाही. मग मला कळतं. कधी कुणाला शंका असते, कधी कुणाचं लग्न ठरलेलं असतं. एकाच्या तर गोळ्या चालू झालेल्या आहेत, त्याला फक्त आमच्याकडे जेवायचं असतं, आमच्याबरोबर, आमच्या ताटांत. आमचे हे म्हणतात, तू दुसरी ॲपमावशी झालीस. मला ते आवडत नाही. मी कुणाचा फोन ओढून घेत नाही.

परवा एक नवीन मुलगा आला. कानापर्यंत लाल झालेला. महेशदादानं पाठवलंय म्हणाला. मी हात पुसून काही बोलणार, तोवर त्यानं आपणच पाट उचलला, भिंतीकडे फिरवला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. त्याला हे कुणी शिकवलं, मी विचारलं नाही. मी त्याचं नाव विचारलं. तेवढ्यात वरून विमान जायला लागलं. तो थांबला. मीही थांबले. ते गेल्यावर त्यानं नाव सांगितलं, मी त्याला त्या नावानं हाक मारली आणि बोलायला लागले.